बाबा फोन चाळीस सेकंदांत का ठेवतात? माझी एक थिअरी

कर्वेरोडवरून

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझे बाबा ७९ वर्षांचे, सदाशिव पेठेत राहतात, मी कोथरूडला. रोज सकाळी साडेआठला त्यांचा फोन येतो. "उठलीस का? पाणी आलं का? बरं, ठेवतो." संपलं. एक आठवडा मी फोनमध्येच बघितलं, चाळीस सेकंदांच्या वर एकदाही गेला नाही. आणि बोलताना ते उभे राहतात, खुर्ची शेजारी असली तरी, आणि आवाज चढवूनच बोलतात, जणू मी अजून बंगळूरलाच आहे.

मुलगी हैदराबादला शिकते. दिवाळीत आली होती तेव्हा बघितलं, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला, पलीकडे तिची मैत्रीण नेलपॉलिश लावतीये, इकडे ही असाइनमेंट लिहितीये, व्हिडिओ कॉल चालू, अडीच तासात दहा वाक्यं बोलल्या असतील. बाबा आले होते जेवायला, त्यांना ते बघवेना, दोनदा जवळ जाऊन म्हणाले, "अगं बोलत नाहीयात तर ठेव ना." तिला कळेचना काय ठेवायचं आणि का.

तर थिअरी अशी. एखादी वस्तू आपण पहिल्यांदा वापरायला शिकतो तेव्हा तिचा जो दर असतो तो आपल्या हातात बसतो. पुढे दर पडतो, वस्तू फुकट होते, पण हात तोच राहतो. बाबा शिकले ते ट्रंक कॉलच्या काळात, म्हणजे बाहेरगावचा फोन ऑपरेटरकडून जोडून घ्यायचा, तीन मिनिटांचा हिशोब, मध्येच ऑपरेटरचा आवाज यायचा तीन मिनिटं झाली म्हणून. मी शिकले एसटीडी बूथवर, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट बाहेरगावी फोन लावायच्या दुकानात, समोर बिलाचे लाल आकडे पळतायत आणि डोळा बोलण्यावर कमी आकड्यांवर जास्त, त्यामुळे मी अजूनही महत्त्वाचं आधी सांगते आणि "बाकी काय" शेवटी. मोबाईल देशात १९९५ ला आला पण तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे, इनकमिंग फुकट झालं २००३ ला, त्यामुळे मधल्या काळात ज्यांनी मोबाईल घेतला ते नंबर बघून आधी कट करायचे आणि मग लँडलाइनवरून फोन करायचे. आणि माझी मुलगी, तिच्या हातात फोन आला तो २०१६ नंतर, जिओनंतर, तिला मिनिट मोजायची वेळच कधी आली नाही. तिच्यासाठी कॉल म्हणजे खोलीचं दार उघडं ठेवल्यासारखं आहे, बोलायलाच हवं असं काही नाही.

हे मला एवढं का लागतंय तर बाबांना माझ्याशी बोलायचं नसतं असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. बंगळूरला नोकरीला होते तेव्हा रविवारी रात्री अकरानंतर त्यांचा फोन यायचा, मी पेंगलेली असायचे, आणि दोन-तीन मिनिटांत ते "बरं ठेवतो". पेईंग गेस्टमधल्या बाकीच्या मुलींची आई-वडिलांशी बोलणी बघून मला रडू यायचं. आता वाटतंय की मी माणसाचा स्वभाव समजून बसले ते खरं तर दरपत्रक होतं.

तुमच्या घरात असं काही दिसतं का? थिअरी चुकत असेल तर तेही सांगा.

रविवारचा_चहा

शंभर टक्के पटलं. आमचे काका अ‍ॅक्टिव्हा सुरू करायच्या आधी ती एकदा कलती करतात. जुनी बजाज चेतक स्कूटर सकाळी सुरू व्हायची नाही, कलती केली की पेट्रोल कार्बोरेटरकडे उतरायचं, मग किक. आता बटण आहे, तरी आधी हँडल धरून गाडी वाकवतात मग बटण दाबतात. आणि चेतक मिळायला आकुर्डीची फॅक्टरी गावात असूनही वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, त्यामुळे गाडीला धक्का लागला तर त्यांचा जीव जायचा, आमची पोरं गाडी कुठेही लावून मोकळी होतात.

अजून एक. काकांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सा. न. वि. वि. ने सुरू होतो आणि खाली स्वतःचं नाव असतं. नाव वर दिसतंच की म्हटलं तर म्हणाले पत्राला नाव नको? पण हे तुमच्या थिअरीच्या उलट जातं का बघा, कारण इनलँड पत्र स्वस्त होतं, आणि स्वस्त होतं म्हणून ते पूर्ण भरायचे, चारी कडेला, घडी घालायच्या पट्टीवरसुद्धा आडवं लिहायचे. तोच माणूस फोनवर अर्धं मिनिट आणि मेसेजमध्ये दीड पान.

कर्वेरोडवरून

उलट नाही हो, हे तर अगदी बरोबर बसतंय! म्हणजे पत्रात मोकळे आणि फोनवर आखडते, एकच माणूस. बाबांचे मेसेजही लांब असतात, मी कधी हे दोन्ही शेजारी ठेवून बघितलंच नव्हतं.

निवृत्त_ट्रंकवाली

मी टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजला होते, पुण्यातच, म्हणून थोडं आतलं सांगते.

ट्रंक कॉल बुक करावा लागायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार, लाइटनिंगचा दर कितीतरी पट, तो सहसा कोणी घ्यायचं नाही, घरात काही झालं असेल तरच. ऑर्डिनरी लावला तर कधी तासभर, कधी अख्खी दुपार, लोक फोनपाशी बसून असायचे. आणि लग्नपत्रिकेवर नंबरापुढे पीपी लिहिलेलं असायचं ना, ते मूळ आमच्याकडचं, पर्टिक्युलर पर्सन, म्हणजे ठराविक माणूस फोनवर आला तरच कॉल सुरू धरायचा, त्याचे थोडे जास्त पैसे. पुढे लोकांनी तो शब्द शेजारच्या फोनसाठी वापरायला सुरुवात केली, आपला नाही पण हाक मारून बोलावतील असा.

तुझे बाबा उभे का राहतात याचं उत्तर मला वाटतं इथेच आहे. ज्यांनी पहिली वीस वर्षं दुसऱ्याच्या घरी जाऊन फोन घेतला ते उभ्यानेच घ्यायचे. दुसऱ्याच्या दिवाणखान्यात, त्यांची जेवणाची वेळ, आपण बसणार कसे? चपला दाराबाहेर काढायच्या, दोन वाक्यं बोलायची, आभार मानून निघायचं. म्हणजे दर फक्त पैशाचा नव्हता, शेजाऱ्याच्या उपकाराचाही होता.

मोठ्याने बोलण्याचं कारण तर साधं आहे, आवाज खरंच पोचायचा नाही. लाइनवर खरखर असायची, आम्ही मध्ये बसून एकाचं वाक्य दुसऱ्याला सांगायचो, "ते म्हणतायत की शुक्रवारच्या गाडीने निघतोय." देशात पहिलं एसटीडी १९६० ला कानपूर-लखनौ सुरू झालं पण सगळीकडे पोचायला पुढची बरीच वर्षं गेली, तोपर्यंत लोकांचं सुखदुःख आमच्या कानावरून जायचं. आम्ही ते कधी बाहेर बोललो नाही.

कर्वेरोडवरून

काकू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडे फोन १९९१ ला आला, नंबर लावून बरीच वर्षं झाल्यावर. त्याआधी खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंकडे, आणि हो, बाबा तिथे उभेच असायचे. मी शेजारी त्यांचा सदरा धरून उभी. हे मला तुम्ही लिहिल्यावर आठवलं. उपकाराचा दर हे शब्द माझ्या थिअरीत घालून घेते.

वाघोलीकर

थिअरी बरोबर आहे पण त्याला पिढीचं लेबल लावू नका, दराचंच ठेवा, कारण आमच्या घरी उलटं आहे. माझी आई शुक्रवार पेठेत वाढली, तिथे खडकवासल्याचं पाणी भरपूर, वाड्याच्या नळाला सकाळी येणार म्हणजे येणार, ती भांडी घासताना नळ धो धो सोडते. आम्ही वाघोलीला फ्लॅट घेतला, महापालिकेत गाव २०२१ ला आलं पण आमच्या सोसायटीचं पाणी अजून टँकरचं, दर महिन्याला मेंटेनन्समध्ये टँकरचा आकडा वेगळा दिसतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ती आजीच्या मागे जाऊन नळ बंद करते. दात घासताना मगात पाणी घेते, तिला कोणी शिकवलं नाही, उन्हाळ्यात एकदा सकाळी टँकर आला नाही आणि शाळेत बिनअंघोळीचं जावं लागलं तेवढं तिला पुरलं.

तेव्हा "हल्लीच्या मुलांना किंमत नाही" हे जे सगळीकडे ऐकू येतं ते मला अजिबात पटत नाही. ज्या गोष्टीची टंचाई त्यांनी बघितली तिची त्यांना बरोबर किंमत आहे. आपण बघितलेली टंचाई त्यांनी बघितली नाही एवढंच.

पेठेतली_सून

मला मात्र थिअरी अर्धीच पटली. तुम्ही सगळे पैशाबद्दल बोलताय, मी कानांबद्दल बोलते.

माझं लग्न १९९३ चं. फोन हॉलमध्ये, टीपॉयवर, विणलेल्या रुमालाखाली, आणि वर ते छोटं कुलूप, डायल फिरू नये म्हणून. किल्ली सासऱ्यांकडे. माझ्या आईचा फोन आला की हॉलमध्ये सासरे पेपर वाचतायत, सासूबाई शेंगा सोलतायत, दीर टीव्हीसमोर. टीव्हीचा आवाज माझ्यासाठी मुद्दाम कमी करायचे, त्यात त्यांचा भाव चांगलाच होता, पण त्यामुळे माझा शब्दन् शब्द सगळ्यांना ऐकू जायचा. आई विचारायची कशी आहेस, मी म्हणायची मजेत. ती विचारायची जेवलीस का, मी म्हणायची हो. दोन मिनिटं. पैसे आईचे जात होते, माझे नाही, तरी मीच आधी ठेवायचे. लोकल कॉल होता, औंधहून पेठेत, दराचा प्रश्नच नव्हता.

ती सवय माझी अजून गेली नाहीये. आज स्वतःचा फोन आहे, स्वतःची खोली आहे, आई नाहीये आता, पण बहिणीशी बोलतानाही मी "मजेत" म्हणते आणि ठेवते. आणि माझ्या सासूबाई, वय ८१, त्यांना मुलाने मोबाईल दिला तेव्हापासून संध्याकाळी गॅलरीत जाऊन नगरच्या त्यांच्या बहिणीशी तासभर बोलतात. मी चहा देऊन मागे फिरते, थांबत नाही. त्यांनी आयुष्यभर फोन छोटाच केला होता, म्हणजे दर हातात बसला असता तर त्या तासभर बोलल्या नसत्या. त्यांना आडोसा मिळाला म्हणून बोलायला लागल्या.

कर्वेरोडवरून

ताई, हे वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. माझी थिअरी पुरुषांच्या फोनवरून बनली होती हे आत्ता कळतंय. माझी आई फोनवर काय बोलायची ते मला आठवतच नाही, बाबा बोलायचे आणि शेवटी रिसीव्हर तिच्याकडे द्यायचे, "घे, बोल एक मिनिट." ती एका मिनिटात जेवण, कपडे आणि पाऊस एवढंच विचारायची. तुमचं कारण मान्य, आणि ते माझ्या कारणापेक्षा मोठं आहे.

विशीतली

मी २२ ची आहे, विमाननगरला जॉब करते. आमच्या बाजूने लिहिते कारण आमच्याबद्दल नेहमी दुसरेच लिहितात.

आम्ही कॉल टाळतो म्हणतात ते खरं आहे. न सांगता फोन वाजला की छातीत धस्स होतं, मी आधी मेसेज करते "कॉल करू का?", आईला तो अपमान वाटतो, म्हणते आईला परवानगी लागते का. पण दिवसभरात मला सगळ्या ग्रुप्सचे मिळून दीडदोनशे मेसेज येतात, ऑफिसची मीटिंग, मध्येच बँकेचा, लोनवाल्यांचा, कुरिअरचा कॉल. कॉल फुकट आहे पण माझं लक्ष फुकट नाहीये, तेच एक महाग आहे आमच्याकडे. म्हणून दुसऱ्याचंही आम्ही विचारून घेतो. तुमच्या पिढीने शेजाऱ्याच्या घरी उभं राहून फोन केला तसंच आहे ते, आम्हीपण दारात उभं राहून विचारतो.

आणि काकू, तुमच्या मुलीचा अडीच तासांचा कॉल, तसा माझाही असतो. रूमवर एकटीने जेवायला नको वाटतं. घरी आई स्वयंपाकघरात असायची, बोलायची नाही, पण भांड्यांचा आवाज यायचा. तो आवाज हवा असतो.

निवृत्त_ट्रंकवाली

बाळा, फार छान लिहिलंस. रात्रपाळीला बोर्डवर आम्ही दोघीतिघी असायचो, कॉल नसले की बोलायचोही नाही, पण शेजारणीच्या बांगड्यांचा आवाज नसला तर पहाट जायची नाही.

हॉस्टेल_९८

धागा मस्त चाललाय. दोन गोष्टी माझ्याकडून.

शिवाजीनगरला हॉस्टेलला होतो, रात्री अकराला एसटीडी बूथबाहेर रांग लागायची कारण अकरानंतर पाव दर. थंडीत शाली घेऊन उभी पोरं. धागाकर्तीच्या बाबांचा फोन रविवारी अकरानंतरच का यायचा याचं उत्तर हेच असणार, पेंगलेल्या मुलीला मुद्दाम उठवत नव्हते ते. आणि मग मोबाईल आल्यावर मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. माझी आई अजून मी मुंबईहून घरी पोचलो की म्हणते "एक रिंग दे", व्हॉट्सअ‍ॅप कॉल असला तरी.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या बॅचची सगळी जण अजून मराठी रोमनमध्ये टाइप करतात, "kay kartoys" छाप, माझी भाची मला देवनागरीत उत्तर देते आणि मला लाज वाटते. त्याचंही मूळ दरात आहे. एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० बसायची, देवनागरीत लिहिलं तर फक्त ७०, म्हणजे तोच निरोप दोन-तीन एसएमएसचा व्हायचा. शिवाय बऱ्याच हँडसेटवर देवनागरीचे चौकोन दिसायचे. त्यात दिवाळी आणि ३१ डिसेंबरला पॅक चालायचा नाही, प्रत्येक एसएमएसचे वेगळे पैसे. म्हणून स्वर गाळून लिहायचं. आज कीबोर्ड फुकट आहे, बोललं तरी टाइप होतं, पण बोटं रोमनवरच जातात. एका पिढीची लिपी सत्तर अक्षरांच्या हिशोबात गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या धाग्यावर सगळे देवनागरीत लिहितायत म्हणून मीही सावकाश अक्षरं शोधून लिहितोय, वरचे दोन रोमन शब्द राहिले ते दाखवण्यापुरते.

वाघोलीकर

भाऊ, "काय करतोयस" असंच लिहीत जा आता, सवय होते महिन्याभरात. मी गेल्या वर्षी बदलली.

सुट्ट्या पैशांचं कोणी लिहिलं नाही अजून. यूपीआय २०१६ ला आलं, आता मंडईत मेथीच्या जुडीलाही स्कॅन. पण आई पिठाच्या डब्याशेजारी नाण्यांचा डबा ठेवते आणि बसला निघाली की त्यातून मोजून मूठभर घेते. एसटीत कंडक्टर तिकिटाच्या मागे पेनाने राहिलेली रक्कम लिहून द्यायचा आणि उतरताना ती मागायची असायची, आई एकदा स्वारगेटला गर्दीत तशीच उतरली आणि पाच रुपये राहिले. १९८० च्या आसपासचे पाच रुपये. तेव्हापासून तिने सुट्ट्यांशिवाय बस पकडली नाही.

कर्वेरोडवरून

काल रविवार होता, बाबांकडे गेले होते. हॉस्टेल_९८ यांनी पाव दराचं लिहिलं ते मनात होतं म्हणून सरळ विचारलं की तुम्ही मला रात्री अकरानंतरच का फोन करायचात. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, उठून कपाटातून एक वही आणली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेल्या. फोन आल्यापासूनचे घरातून केलेले सगळे बाहेरगावचे कॉल त्यात लिहिलेत. तारीख, कोणाला, किती वाजता, किती मिनिटं. घरच्या फोनवर मीटर दिसायचं नाही ना, म्हणून मनगटावरच्या घड्याळात बघून लिहायचे, आणि महिनाअखेर बिल आलं की ताडून बघायचे.

१९९७ ची पानं उघडली. दर रविवारी एकच ओळ. "बंगळूर, ११.०५, २ मि. ४० से." पुढच्या रविवारी "बंगळूर, ११.०३, २ मि. ५० से." असं पानभर. तीन मिनिटांच्या वर एकही नाही, जवळजवळ एकही नाही. ऑगस्टमध्ये एक ओळ आहे, मंगळवार, दुपारी सव्वादोन, म्हणजे पूर्ण दराची वेळ, "बंगळूर, २६ मि." मला टायफॉइड झाला होता तो आठवडा. त्या फोनवर ते काय बोलले मला काही आठवत नाही, ताप होता. बाबांना विचारलं तर म्हणाले, "बोलणार काय, तू झोपली होतीस. त्या मुलीने रिसीव्हर तुझ्या उशाशी ठेवला होता, श्वास ऐकू येत होता."

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे आजोबांनी आमच्यासारखाच कॉल केला होता.

पेठेतली_सून

ती वही जपून ठेव ग.

कर्वेरोडवरून

हो ताई. त्यासाठीच एक विचारायचं होतं, बरीचशी पानं पेन्सिलने लिहिलीत आणि आता फार फिकी झालीयत, मोबाईलने फोटो काढला तर नुसता पांढरा कागद येतो. कोणाला काही उपाय माहिती आहे का? बाइंडिंग उसवायचं नाहीये.

हॉस्टेल_९८

फ्लॅश आणि खोलीतले दिवे बंद करा. सकाळी खिडकीशेजारी टेबलावर वही अशी ठेवा की उजेड एका बाजूने आडवा येईल, वरून नको. पेन्सिलने कागद दबलेला असतो, आडव्या उजेडात त्या खोबणी दिसतात. पानामागे काळा कागद सरकवा म्हणजे मागचं पान डोकावणार नाही. एका पानाचे तीन-चार फोटो काढा, फोन थोडा थोडा हलवून, आणि नंतर फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. आमच्या आजोबांची जमाखर्चाची वही अशीच वाचली. ऑगस्टचं पान आधी घ्या.